बाराच्या भावात

हडर्सफील्डच्या चढावर माझं गॅरेज.
दार पुरतं लागत नाही, गाडीचं नाक बाहेर उरतं.
अठ्ठ्याऐंशीची जॅग्वार एक्सजेएस,
रंग एके काळी वाइनचा, आता चिंचेच्या कोळाचा,
आणि बॉनेटखाली सिलिंडर, मोजून बारा.

निहार फोनवर म्हणाला, आई, पैसे गेले बाराच्या भावात.
म्हटलं, भाव तरी कळला तुला.

मॉरीन ऑकरॉइडनं दिली. समोरच राहते.
केन गेल्यावर वर्षभरानं,
बिस्किटांच्या एका डब्यात चाव्या घालून,
दुसऱ्यात नुसते वॉशर.
म्हणाली, हिला पेट्रोल नाही, धीर लागतो.
खोटं. पेट्रोलही लागतं.

एकतीस वर्षं मी डेंटल लॅबमध्ये दाढा घडवल्या,
ज्यांच्या, त्यांची तोंडं कधी न बघता.
दिसत नाही तिथं बोटं पाठवायची
मला सवय आहे.

आधी पेट्रोलच्या नळ्या, सगळ्या;
वाळल्या गवारीसारख्या तडकलेल्या होत्या.
मग पुढचा धबधबीत पंखा काढून
विजेवरचे दोन बसवले, आटोपशीर.
मागचे ब्रेक चाकात नसतातच,
पार आत, डिफरन्शियलला बिलगून बसलेले.
त्यांच्यापायी अख्खा मे महिना
मी पाठीवर झोपून काढला
आणि केसांत आलेलं ग्रीस
खोबरेल तेलानं सोडवलं.

मग प्लग.
पुस्तकात लिहिलंय: प्लग काढा.
एवढंच. लिंबू पिळा म्हणावं तसं.

अकरा निघाले.
बारावा, एक-ए, एसीच्या कॉम्प्रेसरखाली
जाऊबाईसारखा रुसून.
एअर फिल्टरचं झाकण उलटं ठेवायला गेले
तर आतल्या बाजूला पेन्सिलीचं अक्षर, ठसठशीत:

ऑक्टोबर ९४. अकरा बदलले. एक-ए पुढच्या वेळी.
जून ९९. अकरा. एक-ए पुढच्या वेळी.
२००६. तेच.
२०१३. गुडघे दुखतात. पुढच्या वेळी.

मी तिथंच पालथ्या बादलीवर बसले.
चहा केला, तो निवला.

मग लॅबमधला लांब दांड्याचा आरसा काढला,
अक्कलदाढ बघायचा,
त्यात एक-ए दिसला, काजळी धरलेला, उलटा.
पान्याला दोन सांधे जोडून, श्वास धरून,
पाव पाव वळसा.
नवा प्लग आत सोडला
जुन्या नळीच्या तुकड्यात खोचून, नुसत्या बोटांनी,
आटे चुकले तर रबरच घसरावं, धातू नाही.
संध्याकाळ झाली. बसला.

चावी फिरवली.
असं गुळगुळीत इंजिन, की चालू आहे का म्हणून
मी काट्याकडे पाहिलं.

मॉरीन रस्ता ओलांडून आली, सपाता घालूनच.
दारात थांबली, मान तिरकी करून.
"ही ती नाही," म्हणाली.
मी म्हटलं, तीच.
"नाही. केनची अशी वाजायची नाही.
मध्येच एक ठोका गिळायची.
रात्री वळणावर यायचा, तेव्हा त्यावरून कळायचं,
मग मी बटाटे परत गरम करायला ठेवायची."

इंजिन बंद केलं.
काय बोलणार.
डिस्ट्रिब्युटरवरून एक-एची वायर उपसली,
बाजूला बांधून ठेवली,
आणि परत चावी.

मला तर फरक जेमतेम कळला.
ती बॉनेटवर तळवा टेकून उभी,
ओठ हलत होते, मोजत असावी.
अंधार पडला. एक बस गेली.
पेट्रोल जळत होतं, बाराच्या भावात.

ती गेल्यावर वायर लावली.
झाकणावर, २०१३ खाली, देवनागरीत लिहिलं:
बाराही. वैजयंती.
थोडी जागा अजून आहे खाली.