उपाशी पातं

आर्वीच्या जिनिंगात बत्तीस वर्षं मी चाकूच लावले.
रेच्यातले. एक ठाम, एक हलता,
मधून सरकी खाली, रुई पुढे.
कागदाएवढी फट चुकली की सरकी फुटते
आणि मालक फिटरच्या नावानं हाक मारतो.
तेव्हा पोलादाशी ओळख पोटापाण्याची.
हे दुसरे, मिटणारे,
यांचा पोटाशी काही संबंध नाही.

नऊ आहेत.
गोड गोळ्यांच्या जुन्या लाकडी पेटीत झोपतात.
लोकांना वाटतं, जिनिंगचा माणूस, कापसात ठेवत असेल.
कापूस ओल धरतो, बाप्पा.
मेणकापडात ठेवतो, आणि धार लावतो
रोलरच्या उरलेल्या चामड्यावर.

एक जपानी, पितळी पत्रा दुमडलेला,
त्याला खटका नाही, अंगठाच त्याचा खटका.
एकाला म्हशीच्या शिंगाची मूठ, उजेडात धरली की काकवीसारखी.
आणि एक,
ज्याचा कारागीर असे चौदाच करून वारला.
माझा सातवा.
सव्वीस हजार. हा आकडा मी आज पहिल्यांदा लिहितोय.

वच्छला समजते, पाचशेचा असेल.
तिनं किंमत विचारली नाही, माप घेतलं,
आणि गादीपाटाच्या तुकड्याचा
खिशाच्या आत एक खिसा शिवून दिला.
त्यात रोज एक जातो, पाळीपाळीनं.
गुरुवारच्या बाजारात कोणी विचारतं, कितीचा हाय?
ऐंशीचा.
निवडणुकीच्या नाक्यावर शिपायानं बोटांनी पातं मोजलं,
सुपारी कातरता का काका यानं?
हो म्हटलं.
सुपारी मी खातच नाही.

डोमाजी युवनाते दर जानेवारीत वरुडाकडून येतो,
साळ्याच्या नर्सरीत डोळे भरायला.
त्याचा चाकू करवतीच्या तुटक्या पात्याचा,
मुठीला सायकलची ट्यूब,
घासून घासून बोटाच्या निम्मा उरलेला.
मी सातवा त्याच्या हातावर ठेवला.
त्यानं उघडला, मिटला, कानाशी नेला,
पुन्हा उघडला, मनगटावरचे केस उतरवून पाहिले.
"धार हाये," म्हणाला,
"पण उपाशी हाये तुहा चाकू."

रात्री पेटी उघडली.
नऊ चोची, मिटलेल्या.

रविवारी जंभेरीच्या रोपांपाशी बसलो,
पेन्सिलीएवढी खोडं, जमिनीपासून वीतभर वर
आडवा काप, मग उभा.
साल उचलली तेव्हा आवाज झाला नाही,
ओल्या पाकिटासारखी उघडली.
आत संत्र्याचा डोळा सरकवला, पट्टी गुंडाळली.
माझे अकरा झाले.
तेवढ्यात डोमाजीचे दीडशे, बिडी धरून.

संध्याकाळपर्यंत पात्यावर डाग.
आधी तिळाएवढा,
मग चिंचोक्याएवढा, निळसर,
रॉकेल सांडल्यावर पाण्यावर येतो तसला रंग.
पुण्याचे एक डॉक्टर दोन वर्षं या सातव्यामागे आहेत,
त्यांना फोटो पाठवला. लगेच फोन.
"अहो, हे काय केलंत!"
बारीक पॉलिशपेपरचे तीन हात, डाग गेला असता.
मला येतं ते. बत्तीस वर्षं तेच केलं.
पेपर कपाटात होता. कपाट समोर होतं.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या.
अकरातले चार हिरवे.
"पयल्या खेपेले बरे हायेत," डोमाजी म्हणाला,
आणि माझ्या हातातला चाकू घेऊन पुढच्या ओळीत शिरला.
पट्ट्या कापत गेला. दूर गेला.
मधे कधीतरी तो त्याच्या खिशातही जाऊन आला.
भाकरीच्या वेळेपर्यंत मी मागितला नाही.
बांधावर त्यानं त्यानंच कांदा कापला,
पातं धोतराला पुसलं,
आणि परत दिला, उघडाच.

मी मिटला.
आवाज नेहमीचा नव्हता, जरा जाड, भरल्या तोंडाचा,
किंवा कांद्याचं सालपट असेल आत अडकलेलं.