सव्वाचार इंच

पहाटे चारला रास अल खैमात
सातव्या ग्रीनवर मी गुडघे टेकतो
आणि जमीन गोल कापतो.
सव्वाचार इंच. सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.
निघालेली चकती कालच्या भोकात बसवतो,
कडा अंगठ्याने दाबतो, बाटलीतलं घोटभर पाणी पाजतो.
दुपारपर्यंत ती जखम मलाही सापडत नाही.

हर्णैला गोट्या खेळताना आम्ही ह्याला गल म्हणायचो.
टाच रोवून गर्रकन फिरलं की झाली.
त्यासाठी कुणी पगार देईल
असं अब्बांना सांगितलं असतं, तर त्यांनी कानाखाली दिली असती.

टॉर्बेन हॉल्म दर जानेवारीत येतो.
एकोणीस करंडक आहेत त्याच्याकडे,
केनियातले, जपानातले, स्पेनच्या कुठल्याशा बेटावरचे.
वर्षातून चारच स्पर्धा असतात मोठ्या.
त्यातली एकही नाही.
बाकीच्या जिंकण्याला म्हणे पंगतीत लोणच्याचा मान.

पत्रकार त्याला विचारतात,
लग्न लांबलेल्या मुलीच्या बापाला विचारतात तसं,
आवाज खाली आणून:
यंदा तरी?
तो हसतो. तेव्हा टोपी जरा पुढे ओढतो.

तो एकटा नाही.
सरावाच्या रांगेत असे पाच-सहा असतात.
एकाला पाण्याने हरवलं, एकाला वाऱ्याने,
कोरियाच्या त्या पोराला घाईने,
एकाला तर सख्ख्या मित्राने, वर मिठीही मारली.
चेंडू मारताना त्यांचा आवाज इतका स्वच्छ येतो
की खारफुटीतले बगळे उडत नाहीत, मान वर करून ऐकतात.

परवा संध्याकाळी टॉर्बेनने मला हाक मारली.
मोबाइलवर एक फोटो दाखवला, सहा वर्षांपूर्वीचा.
शेवटचं ग्रीन, शेवटचा दिवस, तीन फूट.
म्हणाला, असंच काप. उतार असाच हवा, समुद्राकडे.
मी जागा शोधली. कापली.

त्या दिवशी चेंडू कडेपर्यंत आला होता,
आत डोकावला होता,
कुणी दारात येऊन, आहेत का घरी, असं विचारून
चपला न काढता परत फिरावं, तसा.

त्याने शंभर चेंडू मारले.
मी वाकून वाकून कप रिकामा करत होतो.
शंभरातले शंभर गेले.
बघितलंस? तो म्हणाला.
बघितलं, मी म्हणालो.
दोघेही मग गप्प उभे राहिलो,
कारण तो एक अजून बाहेरच होता.

खरं सांगतो, मनात आलं होतं,
ह्याच्यासाठी एक दिवस मोठं कापावं.
कोण मोजतंय.
पण कटर एकाच मापाचा असतो,
आणि तो हरला ते भोक इथे नाही,
अर्ध्या दुनियेपलीकडे, माझ्यासारख्याच कुणीतरी कापलेलं.
त्या माणसाला झोप लागते का, हे विचारायचं राहिलं.

एप्रिलमध्ये कॅम्पच्या खोलीत
नेपाळच्या डंबरच्या फोनवर बघत बसलो.
पडद्याला तडा गेलेला,
चेंडू त्या तड्याखालून जायचा आणि आम्ही श्वास धरायचो.
सोळाव्यापर्यंत टॉर्बेन पहिला होता.
सतराव्यावर डंबरने फोन उशीवर पालथा ठेवला,
मी पुन्हा उलटा केला.

चौथा आला.

घरून झुबेदाचा आवाज आला, तीही जागीच होती:
काय झालं तुमच्या माणसाचं?
म्हटलं, चौथा.
म्हणजे चांगलंच की, ती म्हणाली.
दुनियेत चौथा.
मी काही बोललो नाही. तिचं चुकलं नव्हतं.

चार वाजायला आले होते.
गमबूट एक पलंगाखाली, एक दाराशी सापडला.
बाहेर दव इतकं की पावलं मागे उमटत होती.
ऑफिसने आजचा कागद चिकटवला होता:
सातवं ग्रीन,
पुढून नऊ पावलं, उजवीकडून पाच.