अडीच हाडं

हर्णैच्या भाड्याच्या खोलीत
टेबलावर अडीच हाडांचे फोटो:
पायाची एक नळी, एक वाकडी नखी,
आणि अर्धं काहीतरी, ज्यावरून
दोन प्राध्यापक नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

यातून मला अख्खा प्राणी काढायचाय.
पिसांसकट. मंगळवारपर्यंत.

शेजारची हमिदाबी डोकावते.
ताटात उरलेल्या काट्यावरून ती सांगते
मासा कुठला, गाभोळीचा होता का,
आणि बाजारात मला कुणी फसवलं.
नखीवर बोट ठेवून म्हणते,
"ह्यां खाजवायचां नाय. ह्यां धरून ठेवायचां."

रंग विचारला तर हसते.
"कातडी खाल्लीस, नि आता रंग इचारतंस?"

तेवढ्यात परड्यात फडफड.
तिची तलंग माडाच्या आळ्यातून
सापसुरळी ओढून काढते,
एका पायाखाली दाबते,
आणि मान वाकडी करून
एकाच डोळ्यानं माझ्याकडे बघते,
जणू उशीर मलाच झालाय,
सहा-सात कोटी वर्षांचा.

तुटलेली शेपूट अजून वळवळतेय.

पेन्सिलीला टोक काढून
मी आधी डोळा काढते.
त्याचा पुरावा कुणाकडेच नाही.