आडनावाचा रकाना

चार गोळ्या उरल्या होत्या.
सकाळी अर्धी, रात्री अर्धी,
गुरुवार रात्रीपर्यंत निभलं असतं.
डॉक्टरीणबाई धुळ्याहून पारोळ्याला येतात शुक्रवारी,
दवाखान्याचं कुलूप निघेपर्यंत अकरा वाजतात.
मधल्या त्या एका अर्धीसाठी
माझी तीन दिवस आकडेमोड.

कोठावद्यांच्या मेडिकलवर जुनी चिठ्ठी नेली,
घड्यांवर फाटून चार तुकड्यांची झालेली,
मागे तीन शिक्के.
"हाई चिठ्ठीवर तीनदा दिध्यात, ताई.
आते नवी लई ये."
वडिलांची बीपीची गोळी हाच माणूस
नुसत्या रंगावरून ओळखून देतो.
"ती अलग शे. हाईनं रजिस्टर ठेवनं पडस."

राग आला नाही. खरं तर बरं वाटलं,
कुणीतरी मुन्शीशी नियमानं वागतंय.

कारण मला तो सोमवार आठवतो.
कानबाई विसर्जनाला निघालेली, बाजारपेठ बंद,
डबी दोन दिवस रिकामी.
दारावरून बँड गेला
आणि मुन्शी ओट्यावर आडवा होऊन
हवेत पळायला लागला, चारी पायांनी,
कुठेच न पोचता.
मी घड्याळ बघत होते. तीन मिनिटं.
एवढी लांब तीन मिनिटं आधी एकदाच बघितली होती,
कोर्टाच्या व्हरांड्यात.

शुक्रवारी दवाखान्यात, कडुनिंबाखाली,
आमच्या पुढे एक म्हैस आणि दोन शेळ्या.
म्हशीवाले आबा हसले,
"कुत्रासाठे इतली धावपय?"
मी म्हटलं, हो.
आणखी काय म्हणणार.

वजनकाटा बिघडलेला. समोरच्या भुसार दुकानात
आधी मी एकटी,
मग मुन्शीला उचलून मी,
मग वजाबाकी. सोळा किलो.
माझं वजन दुकानभर झालं, होऊ दे.
बाईंनी लिहिलं: मुन्शी, गावठी, नर, नऊ वर्षे.
झटके किती?
मी कॅलेंडर काढलं. दूध आणि सिलेंडरच्या मधोमध
लाल फुल्या. जूनमध्ये एक, जुलैत नाही.
"एकही अर्धी चुकवायची नाही," बाई म्हणाल्या,
"आणि सहा महिन्यांनी रक्त तपासल्याशिवाय
मी सही करणार नाही."
शेवटच्या गोळीचे मी पाव-पाव तुकडे केले होते,
ते सांगितलं नाही.

कोठावद्यांनी जाड वही उघडली.
तारीख, डॉक्टर, औषध, नग. मग रुग्णाचं नाव.
"मुन्शी," मी म्हटलं.
"पुढे?"
"पुढे काय?"
"आडनावना रकाना शे, ताई. रिकामा सोडता येत नही."

माझ्या आधारकार्डावर अजून नवऱ्याचं आहे.
रेशनकार्डात मी कुठेच नाही.
बँकवाले म्हणतात गॅझेट आणा,
गॅझेटवाले म्हणतात प्रतिज्ञापत्र,
चार वर्षं एका नावातून दुसऱ्या नावात
माझी बदली चाललीय, रुजू झालेले नाही.

"अमृतकर," मी म्हटलं. वडिलांचं.
त्यांनी मान वर न करता लिहिलं:
मुन्शी अमृतकर, वय नऊ.
पुरावा मागितला नाही.
सही मात्र माझी घेतली.
मी लग्नाआधीची केली,
शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

रात्री कळण्याच्या भाकरीला तूप लावून
अर्धी गोळी आत दडवली.
मुन्शी अमृतकर यांनी भाकरी खाल्ली,
गोळी ओट्याच्या कडेला
नीट काढून ठेवली,
आई भाजीतली मिरची ठेवायची तशी.
"खा रे," मी म्हटलं,
"तुझ्या नावावर घेतलीय."