पाठीला चांदी

आमच्या घरी चकाकी किलोवर मोजली जायची.
हुपरीत, पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांचा कारखाना,
रिठ्याचं फेसाळ पाणी, पितळी तारांचा ब्रश,
आणि बादलीतून निघणारी पैंजणं इतकी लख्ख
की आई त्यात बघून कुंकू लावायची.

अण्णांच्या हिशेबात चांगला माल एकच:
अंगावर पडलेला उजेड
जो तिथल्या तिथं परत करतो.
उधारी ठेवत नाही.

कोल्हापूरला, विद्यापीठात, मी बरोबर उलटं शिकले.
प्रयोगशाळेच्या खिडकीखाली मोर ओरडायचे.
सिलिकॉनची पहिली चकती हातात आली
तेव्हा ती आरसा होती, केस विंचरावेत अशी.
सर म्हणाले, "या चमकेवर भाळू नका.
शंभरातले पस्तीस किरण
उंबऱ्यावरूनच माघारी चाललेत."

मग पोटॅशचं पाणी, ऐंशी अंशांवर.
अर्धा तास चकती बारीक बारीक बुडबुडे सोडते
आणि झिजता झिजता तिच्यावर मनोरे उगवतात,
केसाच्या जाडीत दहा-बारा मावतील एवढे,
चौकोनी बुडाचे, टोकदार.
उतार मी ठरवत नाही.
तो स्फटिकाच्या अंगातच असतो, एखाद्याचा हेका असावा तसा.
एका उतारावरून निसटलेला किरण
शेजारच्या उतारावर जाऊन पडतो,
आणि दुसऱ्यांदा पडलेला सहसा आत जातो,
तोही तिरपा, म्हणजे लांबच्या वाटेनं.

सांगायला सोपं. पहिल्या चौदा चकत्या वाया गेल्या.
जिथं बुडबुडा चिकटून बसला
तिथं मनोरा नाही, नुसतं चमकतं टक्कल.
"देवी आल्यागत दिसतंय गं," तस्लीम म्हणाली,
आणि आम्ही दोघी कॅन्टीनला जाऊन
न बोलता कटवडा खाल्ला.

पंधरावी काळी निघाली.
काळी म्हणजे मखमल. बघणाऱ्याला काहीच परत न देणारी.

कापसात गुंडाळून, डब्यात घालून
शनिवारच्या एसटीनं घरी नेली.
अण्णांनी बल्बखाली धरली,
आणि मी "बोट नको" म्हणेपर्यंत
सवयीनं अंगठा फिरवला.
"आगं, हे तर पार काळं केलंस.
आमच्यात असला माल कोण दारात उभा करंल?"

आता कुठून सुरुवात करू?
अण्णा किरणोत्सवाला अंबाबाईला जातात,
रात्री उशिरा परत येऊन चपला काढता काढता
एवढंच सांगतात: यंदा गुडघ्यापर्यंत.
किंवा: यंदा ढग.
म्हटलं, अण्णा, आमचंही तेच.
किरण कुठवर पोचला ते बघायचं.
निळा लगेच सापडतो, वरच्या वर.
लाल मात्र दमानं चालतो, चकती असते कागदासारखी,
तो सरळ आरपार जातो नि मागनं निसटतो.

अण्णांनी विडीचं टोक चावलं.
"मग मागलं दार लावा की."
"लावतो. मागं आरसा बसवतो."
"कशाचा?"
"चांदीचा."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"किती लागती?"
"गुंजभरसुद्धा नाही."
"आणि उजाळा?"
"मशीन देतं, अण्णा."
"हं," म्हणाले, आणि चकती परत देताना
ती उलटी करून पाठ पाहिली,
सोयरीक बघायला आल्यागत, सावकाश.

सोमवारी नोंदवहीत लिहिलं:
नमुना पंधरा, बाद, हाताळला गेला.
टाकण्याआधी सहज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.
अंगठ्याच्या रेषा स्पष्ट होत्या, नांगरटीसारख्या,
आणि मनोऱ्यांमधल्या दऱ्यांत
कसले तरी पांढुरके कण.
चांदीचा चुरा. चाळीस वर्षांचा.
दोनदा धुतली.
बाहेर पडायला तयार नव्हता.