चोंटी गयो छे

ऑगस्टात विश्वामित्री कारेलीबागेत शिरली.
दोन दिवस राहिली आमच्या अंगणात.
आम्ही वर, खिचडी आणि मेणबत्त्या,
खाली गाडी
चाकं बुडवून, बॉनेट कोरडं ठेवून,
डबक्यातल्या म्हशीसारखी निवांत.

मग गाळ, मग फिनेल, मग विम्याचे फोन.
नोव्हेंबरात नवी बॅटरी घातली
आणि इंजिन पहिल्याच चावीला लागलं!
गिअर मात्र पडेना.

इंजिन बंद : पाचही गिअर, लोण्यात सुरी.
इंजिन चालू : पहिलासुद्धा नाही,
कर्रर्र,
अडकित्त्यात खडा यावा तसा.
पेडल शहाण्यासारखं खाली जायचं, वर यायचं,
जणू या भानगडीशी त्याचा संबंधच नाही.

हेरंब म्हणाला, गिअरबॉक्स गेला.
हेरंबचं निदान नेहमी सगळ्यात महाग असतं.
शोरूमचा मुलगा म्हणाला, खोलावं लागेल,
चौदा हजार, पुढचं पुढे.

मी लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलं :
केबल तुटलेली नाही.
पेडलची ढिलाई दोन बोटं, म्हणजे ठीक.
बंद असताना पडतात, चालू असताना नाही.
म्हणजे काहीतरी सुटायला हवंय
ते सुटत नाहीये.
इथवर आले आणि थांबले.

पाणीगेटहून इलियासभाई आले स्कूटरवर.
बॉनेट उघडलंच नाही त्यांनी.
पेडल तीनदा दाबलं,
भिंतीवरची पुराची करडी रेघ पाहिली,
मग चाकाकडे, परत रेघेकडे.
“पूरमां हती ने? बेन, चोंटी गयो छे.”

पायरीवर बसून दोन बश्या घेतल्या, मध्ये खाकरा.
ही फ्लायव्हील, ही प्लेट, ही मधली चकती.
पेडल दाबलं की वरची बशी उचलते
आणि खाकरा मोकळा व्हायला हवा.
पाणी शिरलं, गंज धरला,
तीन महिने कुणी हलवलं नाही.
आता बशी उचलते, खाकरा खालच्या बशीलाच.

सव्वीस वर्षं मी शाळेत रसायन शिकवलं.
गंज खातो, फळ्यावर लिहिलं दरवर्षी.
गंज चिकटवतो
हे एकदाही सांगितलं नाही मुलांना.

रविवारी पहाटे अंगणात वीस मिनिटं इंजिन तापवलं,
बंद केलं, पहिला गिअर घातला, चावी दिली.
गाडी बेडकासारखी उडाली फाटकाबाहेर.
इलियासभाई शेजारी. “पाय तुमचा, गाडी तुमची.
थांबायचं नाही.”
दुसरा गिअर त्यांनीच टाकला, क्लचशिवाय,
इंजिनाचा सूर ऐकून,
तंबोरा लावणाऱ्याने खुंटी पिळावी तसा.

समा-सावली रोड. एक दूधवाला, दोन कुत्री.
“हवे दबावो. पूरेपूरं. छोडता नहीं.
रेस आपो. मूको. आपो. मूको.”
गाडी हिसके खात, मान मागे, मान पुढे,
डब्यातले स्क्रू खुळखुळत,
डावी मांडी थरथरायला लागलेली.
मी म्हटलं, तुटलं तर?
ते म्हणाले, तुटवा माटे तो आव्या छीए.

तिसऱ्या फेरीत, गोदामांच्या पुढे,
टक्.

एवढंच. सुपारी फुटल्याएवढं.
इंजिन एकटंच ओरडलं
आणि गाडी, त्याच्याशिवाय,
मुकाट पुढे जात राहिली
पहाटेच्या सपाट रस्त्यावर.
आम्ही दोघंही काही बोललो नाही
ती आपणहून थांबेपर्यंत.

मग पहिला. मग दुसरा. मग उगाच रिव्हर्स.
इलियासभाई म्हणाले, थोडे दिवस जळका वास येईल,
उन्हाळ्याआधी चकती बदलून घ्या,
हे काही कायमचं नाही.
तीनशे रुपये घेतले आणि एक चहा.

घरी हेरंबने विचारलं, काय निघालं?
म्हटलं, खाकरा.

डावी पोटरी दोन दिवस दुखत होती.
जिना उतरताना लक्षात यायचं
आणि बरं वाटायचं.