कड

युफ्का ओढायची तर आधी बोटातली अंगठी काढायची.
खडा नसला तरी अंगठीला धार असते,
आई म्हणायची, आपल्याला कळत नाही, कणकेला कळते.
अर्ध्या गिरकीत ती काढायची
आणि टवका उडालेल्या निळ्या फिल्जानमध्ये टाकायची.
टण्.
म्हणजे गुरुवार.
खिडकीबाहेर झेनित्साचं आकाश विटकरी,
पोलादाच्या कारखान्याचं,
आणि खालच्या मजल्यावरची तीजामावशी
वाळत घातलेल्या चादरी परत धुवायला नेताना शिव्या देत असायची.

टेबलावर कापड, कापडावर गोळा,
तासभर तेलात निजलेला, कानाच्या पाळीइतका मऊ.
लाटणं थोडाच वेळ. मग मुठी.
मुठी पालथ्या करून ती कणकेखाली शिरायची,
निजलेल्या पोराखालचं दुपटं काढावं तशी,
आणि टेबलाभोवती चालत राहायची.
ओढायची नसते गं, म्हणायची,
तिला जायचंच असतं, आपण वाट सोडायची.
साफ खोटं. ओढायचीच ती,
दातओठ खाऊन.

कापडावरची निळी फुलं वरून दिसली की थांबायचं.
तोवर पारी टेबलाच्या चारी बाजूंनी
पदरासारखी लोंबत असायची.
जाड राहिलेली कड कापून ती माझ्या हातात द्यायची,
सांभाळ, भोक पडलं तर ठिगळाला लागेल.
मी तिचे साप करायची, आठाचे आकडे,
पार काळी होईपर्यंत.

मी अकरा वर्षांची होते, त्या मार्चमध्ये
अंगठी फिल्जानमधून बाहेर आलीच नाही.
भांडण मला ऐकू आलं नव्हतं.
दारं मात्र हळू लागायला लागली होती, फारच हळू.
बाबा रात्रपाळीवरून यायचे, जेझ्वा गॅसवर ठेवायचे,
पांढऱ्या कपातून कॉफी प्यायचे.
निळ्याला कुणी हात लावत नव्हतं.
तीजामावशीनं जिन्यात गाठून विचारलं,
तू कुणाची कड घेणार, आईची की हामदियाची?
माझ्या मुठीत कणकेची कड होती.
मी ती तिच्यासमोरच खाल्ली. कच्ची.

मेमध्ये आई त्याच जिन्यावरून घसरली.
उजवं मनगट प्लास्टरमध्ये.
गुरुवारी बाबा बाह्या वर सारून स्वयंपाकघरात आले.
आई म्हणाली, अंगठी.
इतकंच.
त्यांची निघेना. वीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून
बोटं गाजरासारखी झालेली.
तेल झालं, साबण झाला, दोरा गुंडाळून झाला.
शेवटी आईनं डाव्या हातानं पिरगळली,
ते ओरडले,
निघाली.
फिल्जानमध्ये पडली तेव्हा टण् झालं नाही.
आवाज वेगळाच आला, दबका,
आम्ही तिघंही तिकडे बघायचं टाळलं.

मग बाबांनी युफ्का ओढली.
तापलेला पत्रा ओढतात तशी, मागे रेलून.
फाटली. मधोमध,
माझं डोकं जाईल एवढी.
खाली तीन निळी फुलं आणि टेबलाचा एक जुना डाग.
आई बघत राहिली.
मग मला म्हणाली, कड दे.

नव्हती. सवयीनं खाऊन बसले होते.

तेव्हा ती हसली. प्लास्टर पोटाशी धरून,
खुर्चीत बसावं लागलं इतकी,
आणि बाबा हात वर करून तसेच उभे,
कोपरापासून पारीच्या चिंध्या लोंबत.

बटाटे पसरले, गुंडाळी केली, वेटोळं करून तव्यात बसवलं.
भोक कुठल्या वळणात गेलं ते नंतर सापडलं नाही.
एका बाजूनं करपली. सगळी संपली.

रात्री भांडी माझ्याकडे होती.
फिल्जान रिकामा होता.
बाबांचं बोट तर आठवडाभर सुजलेलं,
त्यावर काही चढणं शक्य नव्हतं,
आणि आईचा हात झोळीत.
मी विचारलं नाही.
पुढे त्या फिल्जानमध्ये मीठ असायचं.